एक बांगडी वाढीव

जैनबआपांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली आणि त्या भांडणात मी सपशेल हरलो. गौरवग्रंथात असली माहिती कशाला, असं आमच्या समितीतल्या एका सद्गृहस्थांचं मत पडलं. पण आपांविषयी लिहायचं आणि आपली हार झाकून ठेवायची, हे मला जमणार नाही. गेल्या सात-आठ वर्षांत मला जे थोडंफार शहाणपण आलं, ते आपांपुढं हरत हरतच आलं आहे.

स्वराज्य येऊन तीन-चार वर्षं झाली होती. डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन मी पुण्याहून जुन्नरच्या दवाखान्यात रुजू झालो, तेव्हा अंगात नवा कोट होता, गळ्यात नवी नळी होती आणि डोक्यात भरपूर हवा होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी एक बाई बाळंत झाली. मूल खणखणीत रडलं. मी वजन केलं, कागदावर 'उत्तम' असा शेरा मारला आणि हात धुवायला वळलो. तेवढ्यात पांढरं लुगडं नेसलेल्या, काटक अंगाच्या सुईणबाई पुढं आल्या आणि त्यांनी ते मूल दाईच्या हातून परत मागून घेतलं. हाताची बोटं मोजली, पायाची मोजली. पालथं करून अंगठा पाठीच्या मणक्यांवरून खालपर्यंत फिरवला, शी करायची वाट मोकळी आहे का ते पाहिलं, मांड्या दुमडून उघडून बघितल्या. शेवटी साबणानं धुतलेली करंगळी बाळाच्या तोंडात घालून टाळू चाचपली आणि माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "डाक्टर, टाळूला मागं भोक हाय. दूध नाकातून यील."

मी चिडलो. दहा मिनिटांपूर्वी मी तपासलेलं मूल! पाच माणसांदेखत सुईणीनं डॉक्टरची चूक काढावी म्हणजे काय? मी तावातावानं बरंच काही बोललो. आपांनी बॅटरी आणून माझ्या हातात दिली. मी पाहिलं आणि भोक होतं. कागदावरचं 'उत्तम' मला खोडावं लागलं. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात जन्मलेलं एकही मूल आपांच्या करंगळीची परीक्षा दिल्याशिवाय घरी गेलेलं नाही.

आपांना ही नजर कुठून आली, हे नवख्या वाचकांना सांगायला हवं. त्यांचं सासर जुन्नरच्या मणियारांचं, म्हणजे बांगड्या भरणाऱ्यांचं. तरुणपणी बांगड्यांची हारी खांद्यावर टाकून त्या सासूबरोबर गावोगावचे बाजार फिरल्या. लवकर वैधव्य आलं, तेव्हा रडत न बसता पुण्याला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेतलं. बाईचा हात हातात धरला की तिच्या घरची हवा कळते, असं त्या म्हणतात. मला हे थोतांड वाटायचं. आता वाटत नाही.

त्या टाळूच्या मुलानं मला झपाटलं, हे मात्र खरं. जन्मतःच काहीतरी व्यंग असलेली मुलं आमच्याकडं अधूनमधून येत. कुणाचे पाय फेंगडे, कुणाचा ओठ फाटका, कुणाच्या पाठीवर आवाळू. सहा बोटांची मुलंही येत, पण त्यांचं दुःख कुणाला नसे. ती भाग्यवान म्हणून पेढे वाटले जात. बाकीच्यांच्या आया मात्र खाली मान घालून येत. हे का होतं? आईच्या पोटात नेमकं कधी काय बिघडतं? मी एक जाडजूड वही आणली आणि अशा प्रत्येक आईला प्रश्न विचारून उत्तरं लिहायला लागलो. वय काय, कितवं बाळंतपण, ताप आला होता का, औषध काय घेतलं, नवरा नात्यातला का, मिश्री लावता का. आणि शेवटी, गंमत म्हणून, ग्रहण पाळलं होतं का.

ग्रहण पाळणं म्हणजे काय, ते आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे. ग्रहण लागलं की गरोदर बाईनं चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं. चिरलं तर मुलाचा ओठ चिरला जातो, पिळलं तर पाय पिळला जातो. मी या समजुतीची टिंगल करणारा माणूस. पण वहीतली पानं भरत गेली आणि माझे डोळे विस्फारले. जिला विचारावं ती सांगे, होय, माझ्या हातून ग्रहणात चूक झाली! एकीनं भाजी चिरली होती, दुसरीनं गोधडीला टाका घातला होता. मला झोप लागेना. आपण काहीतरी मोठं शोधतोय, अशा धुंदीत मी माझ्या पुण्याच्या गुरुजींना लांबलचक पत्रही लिहायला घेतलं.

त्याच दिवसांत राजुरीहून येसूचं बोलावणं आलं. येसू राजुरीची माहेरवाशीण, दिलेली निरगुडसरला, सख्ख्या आत्याच्या घरात. म्हणजे सासू गंगूबाई ही तिची आत्याच. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. मुलगी झाली आणि तिचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला. मूल दूध ओढेना. आपा दोन दिवस राजुरीला राहिल्या. बाळाला उभं धरून बोंडल्यानं थेंब थेंब दूध कसं पाजायचं, हे त्यांनी येसूला आणि तिच्या आईला शिकवलं. घाईनं पाजू नका, दूध वर आलं तर भिऊ नका, पोर जगणार आहे, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्या घरात चूल पेटली.

बाराव्या दिवशी मी वही घेऊन गेलो. येसूचा नवरा नामदेव आला होता. साधा, अबोल माणूस, मुलीला मांडीवर घेऊन बसलेला. मी त्याच्यादेखतच येसूला सगळे प्रश्न विचारले. शेवटचाही विचारला. येसू पांढरीफटक पडली आणि हळूच म्हणाली की, जेठातलं गिराण लागलं त्या सकाळी तिनं विळीवर कांदा चिरला होता. दिवस जाऊन दोन महिने झाले होते, पण घरात कुणाला सांगितलं नव्हतं, मग कांदा चिरायला नाही कसं म्हणणार? मी ते उत्तर मोठ्या खुशीत लिहून घेतलं. नामदेव माझ्या लेखणीकडं बघत होता. त्यानं मुलगी येसूच्या मांडीवर ठेवली आणि न जेवता निघून गेला.

आपा तिथंच होत्या. परतीच्या वाटेवर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आपला बडबडत होतो.

पुढं तीन महिने गेले. बाळंतिणीला न्यायला सासरहून माणूस येतो, ही आपल्याकडची रीत. निरगुडसरहून कुणी आलं नाही. येसूचे वडील दवाखान्यात आले आणि बाकावर बसून रडले. त्यांच्या बहिणीनं निरोप धाडला होता: तुझ्या पोरीनं आपल्या हातानं लेकराचं तोंड चिरलं, तिला तुझ्याकडंच ठेव. एवढं सांगून ते माझ्याकडं वळले. "नामदेव म्हनला, आदी माझा इस्वास नव्हता. पन डाक्टरसायबानं सुदा लिवून घेतलं."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या बाकापाशी कळलं. लोकांना त्यांच्या समजुतीबद्दल शंका होती. ती शंका मी, शिकलेल्या माणसानं, वहीत लिहून पुसून टाकली होती.

ते गेल्यावर आपांनी मला वही वाचून दाखवायला सांगितली. मी सगळी वाचली. वाचून झाल्यावर आपांनी विचारलं, "ज्यांची लेकरं धडधाकट हायेत, त्यांना इचारलं का तुमी?"

मी वही पुन्हा चाळली, तसलं एकही नाव नव्हतं.

"काटा मोडला म्हंजी वाट आठवती, डाक्टर. ज्याला मोडला न्हाई तो वाटंचं कशाला सांगंल?"

मी उभाच राहिलो! इतकं साधं, इतकं ढळढळीत, आणि मला, परीक्षेत बक्षिसं घेणाऱ्याला, ते सुचलं नव्हतं. दुखावलेली आई नऊ महिन्यांचा प्रत्येक दिवस उकरून काढते आणि कुठंतरी आपला दोष शोधते. जिचं मूल हसतंय खेळतंय, ती कशाला आठवत बसेल? पुण्याचं पत्र मी वहीसकट फाडायला निघालो, तर आपांनी हात धरला. फाडू नका, म्हणाल्या, अर्धी वही झाली आहे, उरलेली अर्धी भरू.

मग आम्ही ती अर्धी वही भरली. काय दिवस होते ते! व्यंग असलेल्या प्रत्येक मुलामागं त्याच गावात, त्याच सुमाराला जन्मलेलं एक धडधाकट मूल गाठायचं आणि त्याच्या आईला तेच प्रश्न विचारायचे. मी विचारलं की बाया म्हणत, छे, आम्ही ग्रहण कडक पाळलं. आपा मात्र हारी उघडून ओसरीवर बसत, बांगडी चढवता चढवता गप्पा काढत, आणि दुसऱ्या हाताच्या तिसऱ्या बांगडीला खरं बाहेर येई. कुणी ग्रहणात भाजी चिरलेली, कुणी वाती वळलेल्या, एकीनं तर चक्क कोंबडी कापलेली, आणि तिचा मुलगा अंगणात पैलवानासारखा फिरत होता. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर भात लावणीच्या ऐन घाईत कुठली बाई अंधाऱ्या खोलीत पडून राहणार? मी वही छातीशी धरून बांधावरून उड्या मारत यायचो आणि आपा मागून ओरडायच्या, पडाल.

ग्रहण वहीतून गळून पडलं. उरलं ते कमी होतं, पण डोक्यात राहणारं होतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर लाल पुरळ उठून आलेला ताप. पाळी चुकली म्हणून वैदूकडून आणलेली कसलीशी पूड. सख्ख्या नात्यातली लग्नं. पोटाला पुरेसं नाही आणि दिवसभर मिश्री. हीच कारणं, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. जिनं सगळं नीट केलं, तिच्याही पदरी व्यंग असलेलं मूल आलं, अशी पानं वहीत पुष्कळ आहेत. त्या पानांवर आपांनी मला 'कारण कळत नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहायला लावलं. डॉक्टरला हे तीन शब्द लिहिणं फार जड जातं.

आता निरगुडसर. येसूला आणि बाळाला घेऊन आम्ही राजुरीहून बैलगाडीनं आळेफाट्याला आलो आणि मंचरच्या मोटारीची वाट बघत हॉटेलात चहा घेत बसलो. माझं रक्त उसळत होतं. गंगूबाईला काय सुनवायचं, ते मी पाठ करून आलो होतो. भावाची मुलगी सून करून आणली कुणी? हिनंच! मग ओठ चिरला कुणी? आपांनी बशी खाली ठेवली.

"एका बाईच्या डोक्यावरचं वझं दुसरीच्या डोक्यावर ठेवाया निगालो का आपुन?" त्या म्हणाल्या. "नात्यातलं लगीन नको, हे ज्यांची व्हायची हायेत त्यांना सांगू. झाल्यावर सांगून काय उपेग?"

हे त्या नुसतं बोलल्या नव्हत्या. आधी त्यांनी ते स्वतःच्या घरात सांगितलं होतं. भावाच्या नातीचं लग्न चुलत्याच्या घरात ठरत होतं, ते आपांनी हट्टानं मोडायला लावलं आणि सख्खा भाऊ वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. ईदला त्या त्याच्या दारात शीरखुर्म्याचा डबा ठेवून परत आल्या.

निरगुडसरला गंगूबाई दारातच उभी होती. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. येसू अंगणात, बाळ पदराआड. आपांनी व्याख्यान दिलं नाही. ओसरीवर पथारी टाकली, हारी सोडली. बांगड्या आल्या म्हटल्यावर आळीतल्या दहा-बारा बाया जमल्या. आपांचं नेहमीचं सुरू झालं, कुणाचं लेकरू कितवं, त्या वेळी गिराण होतं का, काय केलंस गं. एक लाजत बोलली, मग दुसरी, मग सगळ्या हसायला लागल्या. त्यांची धडधाकट पोरं अंगणातच हुंदडत होती. गंगूबाई दारात बसून मिश्री लावत ऐकत होती. शेवटी आपांनी तिलाच हाक मारली आणि तिचा राठ हात आपल्या हातात घेतला. दोन बांगड्या चढेपर्यंत काहीच विचारलं नाही. मग हळूच विचारलं, नामदेवच्या वेळी कसं होतं?

नामदेव गोठ्याच्या दाराशी उभा होता. गंगूबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. तिसरी बांगडी अंगठ्यापाशी अडली होती.

"नाम्याच्या येळंला सूर्याचं गिराण व्हतं," ती म्हणाली. "मी इळ्यानं कडबा तोडत व्हते. पोट दिसत नव्हतं, मंग कुनाला सांगनार? सासूला बी कदी सांगितलं न्हाई. नऊ म्हैने भ्यालेली व्हते मी."

नामदेव आपल्या आईकडं बघत राहिला. गंगूबाई उठली, तोंड खळखळून धुतलं, अंगणात गेली आणि भाचीच्या पदराखालून नात काढून घेतली. "आत ये," एवढंच येसूला म्हणाली. मला रडू आवरेना, म्हणून मी गोठ्यातल्या बैलाची पाठ थोपटायला गेलो.

पुढं पुण्याच्या इस्पितळात त्या मुलीचा ओठ शिवला गेला. आजी बरोबर गेली होती आणि तिथल्या डॉक्टरांना तिनं टाका बारीक घाला म्हणून तीन वेळा बजावलं, असं ऐकतो.

पण आपांचं समाधान झालं नव्हतं. गंगूबाईचं बोलणं त्यांच्या मनात घर करून बसलं होतं: पोट दिसत नव्हतं, मंग कुनाला सांगनार. चौथा महिना लागेपर्यंत दिवस गेल्याचं बोलायचं नाही, दृष्ट लागते, ही आपली जुनी चाल. आणि मुलाचे ओठ, टाळू, हातपाय घडतात ते नेमके त्याच गुपचूप महिन्यांत. आमच्याकडं बाई येते पाचव्या-सातव्याला. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मी म्हटलं, गावोगाव भाषणं देऊ. आपा हसल्या. न बोलणाऱ्या बाईला बोलायला लावण्यापेक्षा न बोलता सांगायची सोय करू, म्हणाल्या.

आणि त्यांनी ती केली! त्यांच्या जावा-नणंदा आजही बाजारोबाजार बांगड्या भरतात. पाळी चुकली की बाईनं त्यांच्याकडून डाव्या हातात एक हिरवी बांगडी वाढीव भरून घ्यायची, एवढंच. घरात विचारलं तर, पिचली होती म्हणून घेतली. मणियारीण ओळखते, जुन्नरला येऊन आपांना सांगते, आणि पुढच्या बाजारी आपा त्या बाईजवळ सहज बसलेल्या असतात. मिश्री सोड, वैदूची पूड घेऊ नकोस, पुरळाचा ताप असलेल्या घरी जाऊ नको, पालेभाजी खा, या गोळ्या घे. आणि दर वेळी शेवटी, ग्रहणात भिऊ नकोस. मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. बांगडी हे काय शास्त्र झालं? आज पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच आमच्याकडं नाव पोचलेल्या बाया बघितल्या की मला शाळकरी पोरासारखं नाचावंसं वाटतं.

यंदा दिवाळी झाल्यावर गंगूबाई दवाखान्यात आली. बरोबर येसू, आणि आजीच्या बोटाला धरून नात मैना, तोंडात गूळ-शेंगा कोंबून अखंड बोलणारी. ओठावर केसाएवढी रेघ राहिली आहे. येसूच्या डाव्या हातात हिरवी बांगडी वाढीव होती, पण गंगूबाईला नुसत्या बांगडीवर भरवसा नव्हता. तिनं भर दवाखान्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपांना सांगितलं, "दीड म्हैना झालाय. आदी तुमाला सांगाया आले."

मी मान खाली घातली. कारण पंधरा दिवसांपासून माझ्याही घरात एक गुपित होतं. आमच्याकडं तिसऱ्या मुलाची चाहूल लागली होती आणि चौथा महिना लागेपर्यंत ब्र काढायचा नाही, असं माझ्या आईनं बजावलं होतं. निरगुडसरची गंगूबाई बारा-चौदा कोस सांगायला येते आणि बांगडीचं कौतुक करणारा मी घरात तोंडाला कुलूप लावून बसतो! संध्याकाळी मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि सौभाग्यवतींना म्हणालो, आई काहीही म्हणो, उद्या आपांना सांगायचं.

त्या कणीक मळत होत्या. त्यांनी डावा हात पुढं केला. पिठानं माखलेल्या त्या हातात एक हिरवी बांगडी वाढीव होती. "तीन आठवडे झाले," त्या म्हणाल्या.

म्हणजे आपांना माझ्या आधी आठवडाभर ठाऊक होतं. रोज सकाळी दवाखान्यात समोरासमोर उभ्या राहत होत्या आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पुन्हा हरलो, आणि इतक्या आनंदानं मी आजवर कधी हरलो नव्हतो.

आपा, तुमची साठी आम्ही साजरी करतो आहोत, पण काम थांबवायची परवानगी कुणी दिलेली नाही. तुमचे गुडघे बळकट राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, भावाच्या घरचा शीरखुर्मा तुम्हाला दर ईदला मिळो आणि शंभर वर्षं तुमच्या हातांना काम असो. येसूचं बाळ आषाढात यायचं आहे, आमचं त्याच्या थोडं आधी. कागद मी तयार ठेवीन, पण त्याच्या टाळूवरून तुमची करंगळी फिरल्याशिवाय 'उत्तम' हा शब्द लिहिणार नाही.